‘बार आणलायत?’ विचारणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

लाकूड कापायच्या चेनसॉ कटरसाठी ‘१८ इंची चेन द्या’ म्हणत गिऱ्हाईक दुकानात आलं, तरी तुम्ही कपाटाकडे वळत नाही. ‘बार आणलायत?’, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी आणलीय का, एवढंच विचारता. आणला नसेल तर विक्री सोडून देता, पण अंदाजाने चेन हातात ठेवत नाही. खाडीपट्ट्यातल्या आंबा-नारळाच्या बागांत आज जी कटर धूर न काढता, वाकडं न कापता चालतायत, त्यांच्यामागे तुमचा हा एक प्रश्न आहे. त्याबद्दल सगळ्यांसमोर तुमचे आभार मानायचे होते. आणि तुम्ही काउंटरवर जे समजावून सांगता ते कागदावर उतरलं, तर ज्यांना तुमच्या दुकानापर्यंत येता येत नाही त्यांच्याही कामाला येईल.

इंच म्हणजे फक्त बारची कापायला मोकळी असलेली लांबी. चेन ठरते ती पिच (रिव्हेटांमधलं सरासरी अंतर), गेज आणि ड्राइव्ह लिंकची (बारच्या खोबणीत पाय बसणाऱ्या कड्यांची) संख्या या तीन आकड्यांवर. तिन्ही जुळले तरच चेन बसते. तुमची पिच मोजायची रीत लहान पोरालाही जमेल अशी आहे: चेन ओट्यावर सरळ ताणायची, लागोपाठचे तीन रिव्हेट धरायचे, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत स्टीलची पट्टी लावायची आणि आलेल्या आकड्याचं निम्मं करायचं. १६.५ मिमी आले तर पिच ०.३२५ इंच. १९ मिमी आले तर ३/८ इंच. इथे तुम्ही बोट वर करून थांबवता, कारण ३/८ दोन प्रकारची असते. एक लहान मशीनची लो प्रोफाइल, तिचे दात बुटके. दुसरी मोठ्या मशीनची स्टँडर्ड. पट्टीवर दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, पण एकीचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) दुसरीला चालत नाही. जबरदस्तीने चढवली तर चेन स्प्रॉकेटवर उड्या मारते आणि ड्राइव्ह लिंकचे पाय खाऊन टाकते.

गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकच्या पायाची जाडी, जी बारच्या खोबणीत बसते: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. फरक केसाएवढा, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. जाड चेन बारीक खोबणीत जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलटी चूक जास्त वाईट. १.३ ची चेन १.५ च्या खोबणीत गुपचूप बसते, चालूही होते, पण कलते. काप एका बाजूला सरकत जातो, माणूस मशीनला जोर लावत बसतो आणि बारच्या कडा एका अंगाने झिजतात. मापायला जुन्या बारची खोबण घ्यायची नाही हेही तुमच्याकडूनच कळलं. वापराने तिच्या कडा फाकलेल्या असतात. बारच्या शेपटीकडे ठोकलेला आकडा वाचायचा. तो पुसला असेल तर जिथे झीज कमी तिथे फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून बघायचं.

तिसरा आकडा, लिंकची संख्या, मोजायचा कंटाळा सगळ्यांनाच. पण १८ इंची बारवर काही मशीनना ६८ लिंक लागतात, काहींना ७२. ०.३२५ च्या चेनमध्ये एक लिंक वाढली की वेढा १६.५ मिमीने वाढतो आणि तो ताणायला बार सव्वाआठ मिमी पुढे न्यावा लागतो. चार लिंक जास्त असतील तर ३३ मिमी. तेवढी जागा ताणाच्या स्क्रूला नसतेच. म्हणून खडूने एका लिंकवर खूण करायची आणि तिथून मोजत फिरून परत खुणेवर यायचं.

हे झालं बसण्याचं. मशीनला पेलण्याचा हिशोब वेगळा. ३० ते ३५ सीसीच्या, साधारण दीड किलोवॅटच्या मशीनला १४ किंवा १६ इंची बार आणि लो प्रोफाइल ३/८ ची चेन. बागेतली फांद्यांची छाटणी याच जोडीवर होते. ४५ ते ५५ सीसीला १६ किंवा १८ इंच आणि ०.३२५. स्टँडर्ड ३/८ आणि २० इंचाच्या पुढचा बार ६० ते ७० सीसीच्या वरच्या मशीनसाठी. ०.४०४ आपल्याकडे फारशी कुणाला लागत नाही.

‘मोठी चेन टाकली तर जास्त कापेल ना?’ या प्रश्नाला तुम्ही दर वेळी न चिडता स्प्रॉकेट हातात देऊन उत्तर देता, तेही इथे यायला हवं. सात दातांचं स्प्रॉकेट एका फेऱ्यात १४ पिच चेन ओढतं. ०.३२५ ला ती होते साधारण ११.६ सेंमी, ३/८ ला १३.३ सेंमी. म्हणजे इंजिन तेच, पण प्रत्येक फेऱ्याला सुमारे १५ टक्के जास्त चेन ओढायची, शिवाय दात जाड, लाकडातली चीर रुंद. टॉप गिअरवर घाट चढवायला लावल्यासारखं इंजिन दबतं, फेरे उतरतात, क्लच घसरतो, तापतो आणि शेवटी निळा पडतो. चेनची पिच बदलायचीच असेल तर स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाची चकतीही त्याच पिचची हवी.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ‘५८ सीसी, २२ इंच’ मशीनचाही इथेच उल्लेख करतो. बार लांब दिसला की मशीन दणकट वाटतं. त्या बारवर ८६ लिंक असतात, म्हणजे ४३ दात. १८ इंचीवर ७२ लिंक, ३६ दात. पूर्ण बार आंब्याच्या सुक्या खोडात बुडवला की तेवढे दात एकदम ओढण्याची ताकद त्या इंजिनात नसते, आणि लहान ऑइल पंपाचं तेल टोकापर्यंत पुरत नाही. बारचं टोक आधी जळतं. तुम्ही अशा मशीनला १८ इंची बार आणि ०.३२५, १.५ गेज, ७२ लिंकची चेन चढवून देता. दोन्ही बाजूंनी कापलं तर १८ इंची बारने दोन-अडीच फुटांचं खोडही आडवं होतं. जास्त नफा लांब बारमध्ये असताना तुम्ही आखूड बार सुचवता, याची आम्हाला जाणीव आहे.

दाताच्या आकाराबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या मातीत सगळ्यात जास्त चेन इथेच वाया जातात. फुल चिझलचा दात चौकोनी कोपऱ्याचा. ताज्या, स्वच्छ लाकडात तो लोण्यासारखा जातो. पण धार त्या एका टोकदार कोपऱ्यावर असते. तो कोपरा बोथटला की सगळा दात बोथट. सेमी चिझलचा कोपरा गोलसर असतो. थोडा हळू कापतो, पण धूळ-माती खाऊनही टिकतो. आपल्याकडे खोडाच्या सालीत जांभ्याची तांबडी धूळ भरलेली, किनाऱ्याला वाळू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हाच्यासारखी मुळासकट उपटलेली, वाळूत लोळलेली झाडं कापायची असतील तर फुल चिझलचं कामच नाही. सेमी चिझल घ्यायची, कापाच्या जागची साल आधी कोयत्याने तासायची आणि खाली जमिनीला टोक लागू द्यायचं नाही. वाळूला एकदा टोक लागलं तरी धार गेली.

नारळाचं खोड बाहेरून कडक आणि आत मऊ, इतर झाडांच्या उलटं. बाहेरच्या कडक भागात धार झपाट्याने उतरते, आणि निघतो तो भुसा नसून काथ्यासारखे धागे. ते स्प्रॉकेटच्या झाकणाखाली गच्च बसतात आणि बारचं तेलाचं भोक बुजवतात. मग ‘चेन खराब दिलीत’ अशी तक्रार घेऊन लोक तुमच्याकडे येतात. टाकीतलं पेट्रोल संपलं की झाकण उघडून धागे काढायचे आणि भोकात तार घालायची. नारळ कापताना हा नियम पाळला तर निम्म्या तक्रारी होणारच नाहीत.

तुम्ही सांगितलेली खोडकिड्याची गोष्टही लक्षात राहिली. आजच्या चेनचा वाकडा दात अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ च्या सुमारास लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीवरून सुचवला. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालतात आणि उभ्या-आडव्या दोन्ही रेषांत लाकूड सहज खातात, हे त्याने निरखून पाहिलं. चेनवर एक दात डावा, एक उजवा का असतो, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

आणि म्हणूनच डावे-उजवे दात सारख्या लांबीचे ठेवण्यावर तुमचा एवढा भर. काप गोल फिरायला लागला की लोक बारला दोष देतात. बहुतेक वेळा एका बाजूचे दात जास्त घासले गेलेले असतात, कारण उजव्या हाताने एक बाजू सोपी जाते. कानस लो प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, स्टँडर्ड ३/८ ला चेनप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिमी. कोन ३० अंश, सुक्या कडक लाकडाला २५. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. सगळ्यात झिजलेला दात आधी धरायचा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. तीन-चार वेळा धार लावली की चपट्या कानशीने तपासायचा. तो उंच राहिला तर धार असूनही पिठासारखा भुसा पडतो. जास्त उतरवला तर प्रत्येक दात मोठा घास घेतो, लहान मशीन जागीच बंद पडतं, मोठं मशीन हाताला झटका देतं. छाटणीला तुम्ही लो किकबॅक चेनच देता ते याच झटक्याच्या काळजीने. तरीही बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लावायचा नाही आणि खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता.

बाकीच्या सूचना थोडक्यात. नवी चेन रात्रभर तेलात ठेवायची, दोन-तीन मिनिटं लाकडाला न लावता चालवायची, मग पुन्हा ताण बघायचा. गाडीचं काढलेलं काळं ऑइल चेनला घालायचं नाही, त्यातली धातूची कचकच पंप आणि बार दोन्ही खाते. तेल येतंय का हे बघायला टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्यायची, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. स्प्रॉकेटवर अर्धा मिमी खोल खाच पडली की ते बदलायचं. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालणं म्हणजे ती मुद्दाम ताणून खराब करणं. चेन बदलताना बार उलटा करायचा. काम संपलं की ताण सैल करायचा, कारण गरम असताना ताणलेली चेन गार झाल्यावर आकसते आणि सगळा भार क्रँकवर येतो.

तुमच्या भिंतीवरचा मापांचा तक्ता पावसाळी ओलीने पुसट झालाय. त्याची नवी प्रत लॅमिनेट करून सोबत पाठवतोय. रकाने तेच ठेवलेत: मशीनचे सीसी, बारचे इंच, तीन रिव्हेटांचे मिमी, गेज, लिंक, कानस. शेवटचा एक रकाना कोरा सोडलाय. तो ‘लाकूड कुठलं?’ याचा, कारण बार बघून झाल्यावर तुमचा दुसरा प्रश्न तोच असतो.

तुमचे,
खाडीपट्ट्यातले बागायतदार