मन्याला, रेकॉर्डिंगच्या आधी

प्रिय मन्या,

गणपतीपासून पत्र नाही, शिव्या घाल. आईचा गुडघा जैसे थे, बाकी सगळे ठणठणीत.

तुझ्या पॉडकास्टच्या पहिल्या भागाची संहिता वाचली आणि तिसऱ्याच वाक्याला अडखळलो. ‘पॉड म्हणजे पर्सनल ऑन डिमांड’ हे आधी खोड. ही फोड मागाहून चिकटवलेली आहे. पॉड आला तो सरळ आयपॉडमधून, म्हणजे ॲपलच्या गाणी ऐकायच्या यंत्रातून, आणि ते ऑक्टोबर २००१ चं. त्याला ब्रॉडकास्टचं शेपूट जोडलं बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने, फेब्रुवारी २००४ मध्ये, ‘गार्डियन’मधल्या लेखात. तेही ठासून नव्हे. ऑडिओब्लॉगिंग म्हणावं, पॉडकास्टिंग की गेरिला मीडिया, अशी तीन नावं त्याने प्रश्नचिन्हं लावून पुढे केली होती. मधलं टिकलं. तिसरं टिकलं असतं, तर तुझ्या सासऱ्यांना काय धंदा करतो म्हणून सांगितलं असतंस?

एमटीव्हीचा जुना निवेदक ॲडम करी यालाही शब्दाचं श्रेय देऊ नकोस. त्याचं आणि सॉफ्टवेअरवाल्या डेव्ह वायनरचं काम वेगळं: ध्वनिफाइल आरएसएसमधून, म्हणजे नवं काय आलं ते ॲपला सांगणाऱ्या यादीतून, आपोआप पोचवण्याचं.

‘कास्ट’ मात्र तू एका ओळीत उडवलास. अरे, ब्रॉडकास्ट मुळात शेतातला शब्द! भाताच्या रोपांसाठी वाफ्यात बी फोकतात ना, तेच. १९२० च्या सुमारास रेडिओवाल्यांनी तो उचलला. पॉडकास्ट मात्र फोकलेला नसतोच. ज्याने मागितला त्याच्याच फोनमध्ये उतरतो. आयपॉडही मे २०२२ मध्ये बंद झाला. म्हणजे शब्दाचे दोन्ही अर्धे निकामी, तरी गडी धावतोय. ‘ध्वनिप्रक्षेपिका’ सुचवू नकोस. कॉलेजच्या अंकात ‘दूरध्वनी’वरून धरलेला अबोला पुरे झाला.

फीडचंही, म्हणजे तुझ्या त्या आरएसएस यादीचंही बघ. एन्क्लोजरच्या, म्हणजे ध्वनिफाइल जोडायच्या ओळीत तीनच गोष्टी लागतात: फाइलचा पूर्ण पत्ता, आकार बाइटमध्ये, आणि प्रकार, म्हणजे एमपी३ असेल तर ऑडिओ/एमपेग. आकाराच्या जागी तू मिनिटं टाकली आहेस. त्यावरून काही ॲप्स डाउनलोड किती झालं याचा भलताच अंदाज दाखवतील. कालावधीला वेगळा टॅग आहे, मिनिटं तिथे घाल. आणि भाग दुरुस्त करून पुन्हा चढवलास तर जीयूआयडी, म्हणजे त्या भागाचा ओळखक्रमांक, जुनाच ठेव, नाहीतर तोच भाग नवा म्हणून सगळ्यांकडे परत जाईल.

नवी नोकरी कशी? पोरीची शाळा मिळाली का? वहिनींना नमस्कार. शनिवारच्या आत सुधारलेली संहिता पाठव.

तुझा,
बंड्या