बाबांचा ठसका थांबला, म्हणून लिहिते आहे

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर आई म्हणाली, की चहा पिताना बाबांना लागणारा ठसका आता जवळजवळ थांबला आहे, त्यामुळे काळजीचे कारण उरलेले नाही. गणपतीत घरी आले होते तेव्हा मला मात्र वेगळेच जाणवले होते. बाबांनी बशीतला चहा संपवला, ठसका लागला नाही. पण लगेच त्यांनी मला हाक मारली तेव्हा आवाज घशात पाणी साचल्यासारखा घरघरत होता आणि दोन-तीनदा आवंढा गिळल्यावरच तो मोकळा झाला.

बाबांना असलेल्या पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, हातापायांप्रमाणे जीभ आणि घसाही मंदावतो. घशाची संवेदना बोथट झाली, की पाण्याचा किंवा अन्नाचा अंश श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येत नाही, आणि तोच अंश फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे ठसका थांबला म्हणजे सुधारणा झाली, असे धरून चालता येणार नाही.

आई, घास अडकला की तू लगेच पाण्याचा पेला पुढे करतेस. त्यामागची तुझी माया मला कळते, पण अशा घशाला पातळ पाणीच सांभाळायला फार अवघड जाते, कारण श्वासनलिका झाकली जाण्याआधीच ते खाली उतरते. पातळ आमटीतला भात किंवा दुधातले पोहे यांचेही तसेच, कारण तोंडात पातळ आणि घट्ट एकदम येते. त्यापेक्षा एकजीव शिजलेली मुगाची खिचडी बरी. मात्र चहा-पाणी सरसकट घट्ट करून देण्याचे आपण घरी ठरवू नये. पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या ५१५ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हनुवटी खाली घेऊन पातळ पेय पिण्यापेक्षा घट्ट पेयांनी न्यूमोनिया निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नाही. शिवाय घट्ट पाणी नकोसे होऊन माणूस पितोच कमी.

म्हणून आधी तपासणी हवी. नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा बेरियम मिसळलेला घास एक्स-रेखाली गिळायला लावून घास नेमका कुठे चुकतो ते पाहता येते, आणि मग स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणारे तज्ज्ञ, बाबांना सोसेल असा घास, बसण्याची पद्धत आणि व्यायाम ठरवून देतात.

तोवर बाबांनी ताठ बसून, टीव्ही बंद ठेवून, पार्किन्सनच्या गोळीचा असर असतानाच जेवावे, आणि रात्रीही दात घासावेत, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या कुटून देऊ नयेत.

बाबा, तुम्ही हल्ली पंगतीत बसायचे टाळता, हे मी पाहिले आहे. तुम्हाला पुन्हा सर्वांबरोबर निवांत जेवताना पाहायचे आहे, म्हणूनच हा आग्रह. शनिवारी मी येते. तोपर्यंत चहानंतर आवाज कसा येतो, ते आईने रोज कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवावे. तो कागद आपण डॉक्टरांना दाखवू.

तुमची,
ताई