सनदेची पहिली तीन वर्षे कुठे घालवायची?

महोदय,

कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा लागू केली. तेव्हापासून अनेक नवे वकील ही तीन वर्षे कुणाच्या तरी चेंबरमध्ये कशीबशी भरून काढण्याच्या बेतात दिसतात. ज्यांना खरोखर जनहिताची वकिली करायची आहे, त्यांनी ही वर्षे जिल्हा न्यायालयात, विधी सहाय्याच्या म्हणजे गरजूंना मोफत वकील देण्याच्या कामात घालवावीत, असे सुचवतो.

या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा उच्च न्यायालयातली जनहित याचिका असते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या बलवंतसिंग चौफाल निकालानंतर (२०१०) याचिकाकर्ता कोण आहे आणि मजकूर कितपत तपासलेला आहे, हे न्यायालये आधी पाहतात, आणि उथळ याचिकेवर दंड बसतो. कागद गोळा करण्याची सवय नसलेला वकील तिथे टिकत नाही. शिवाय या परंपरेच्या मुळाशी असलेला हुसेनआरा खातून खटला (१९७९) कच्च्या, म्हणजे खटला न संपलेल्या कैद्यांचाच होता.

आता जागांचे. हे काम पाहणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील-पॅनेलवर सहसा तीन वर्षांच्या वकिलीशिवाय घेत नाहीत. पण २०२२ च्या सुधारित योजनेप्रमाणे चालणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात (आरोपींना मोफत बचाव वकील देणाऱ्या प्राधिकरणाच्या कार्यालयात) सहायक पद शून्य ते तीन वर्षे अनुभवाच्या वकिलांसाठीच आहे. काम पूर्ण वेळ, मानधन ठरलेले, खासगी वकिली बंद. ही शेवटची अट अनेकांना खटकते. मला ती सोयीची वाटते, कारण शिकण्याच्या वयात चार न्यायालयांत धावपळ होत नाही. जागा नसेल तर पॅनेलवरच्या एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून लागावे.

इथे सर्वांत आधी शिकावा तो डिफॉल्ट बेल. दोषारोपपत्र मुदतीत आले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ खाली आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गंभीर गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, इतरांत ६०. विशेष कायद्यांच्या मुदती वेगळ्या. मोजणीत पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. म्हणजे लीप वर्ष नसताना रिमांड १ जानेवारीचा असेल तर साठावा दिवस १ मार्च, आणि २ मार्चला हक्क उभा राहतो. तो आपोआप पदरात पडत नाही. दोषारोपपत्र अर्जाच्या आधी दाखल झाले की हक्क गेला. चुका ठरलेल्या असतात: नातेवाईक वकीलपत्रावर सही आणतील म्हणून थांबणे, दिवस अटकेपासून मोजणे, मध्येच वाढीव कलम लागून साठाचे नव्वद झालेले न पाहणे. म्हणून रिमांडच्याच दिवशी साठ आणि नव्वद दिवसांच्या दोन्ही तारखा डायरीत टाकाव्यात, अर्ज टाइप करून ठेवावा आणि न्यायालय उघडताच दाखल करून त्यावर वेळेसह पोच घ्यावी. रोजनामा (न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाची नोंद) त्याच दिवशी वाचावा. त्यात अर्जाची नोंद नसेल तर पुढे वाद घालणे कठीण जाते.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असेही नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने सातबारावाला जामीनदार कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. व्यवहारात ही यादी कुणीतरी मागावी लागते. ती दर आठवड्याला मागणे हे नवख्या वकिलाचे काम, आणि एका अर्जावर माणूस घरी जातो तो इथेच. मूळ अर्जातच पी.आर. बाँड (स्वतःचे हमीपत्र) किंवा कॅश बेलची (जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची) पर्यायी विनंती घातली तर निम्मा त्रास वाचतो. त्याच यादीशेजारी त्याच संहितेच्या कलम ४७९ ची यादी ठेवावी. पहिल्याच गुन्ह्यातील कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ काढला की सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळून. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सवलत अडते, हे अर्जाआधी तपासावे.

फौजदारीत रस नसेल तर पोटगी, बांधकाम मजुरांची नोंदणी, वनहक्क दावे ही कामे आहेत. वनहक्कात अपिलाची मुदत ६० दिवस. नामंजुरीचा लेखी निर्णय दावेदाराच्या हाती कधी पडला, याचा पुरावा पहिल्याच भेटीत मागून घ्यावा.

पैशांचे स्पष्ट बोलावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मासिक विद्यावेतन सुचवले, पण ते बंधनकारक नाही. रुजू होण्याआधीच रक्कम, प्रवासखर्च आणि स्वतःची प्रकरणे घेण्याची मुभा विचारून घ्यावी. विधी सहाय्याच्या अशिलाची कोर्ट फी वा नकलेचा खर्च खिशातून भरू नये. तो प्राधिकरणाने द्यायचा असतो, आणि दयेपोटी पैसे घालणारे ज्युनिअर वर्षभरात काम सोडतात. जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात तयारीला किमान सात दिवस मागावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या अनोखीलाल निकालाचा (२०१९) आधार आहे. असे खटले दहा वर्षे अनुभवाच्या वकिलाकडेच जायला हवेत, नवख्याने मदतनीस म्हणून बसावे.

न्यायाधीशपदाचा विचार असेल तर अनुभव तात्पुरत्या सनदेच्या (बार परीक्षेआधी मिळणाऱ्या वकिली नोंदणीच्या) तारखेपासून मोजला जातो. प्रमाणपत्र प्रधान न्यायिक अधिकाऱ्याचे, किंवा दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे आणि त्यावर प्रधान न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन असे लागते. त्यासाठी आपल्या हजेरीच्या रोजनाम्यांची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी.

लोकअभिरक्षक कार्यालयाच्या जाहिराती जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळांवर येतात आणि अर्जाची मुदत संपल्यावरच अनेकांना कळतात. आपल्या नोकरीविषयक सदरात त्या वेळेवर छापल्या जाव्यात, ही विनंती.

— जिल्हा न्यायालयात वकिली करणारा एक वाचक