युद्धावरचे मतदानही छापा

महोदय,

इराक युद्धावर अमेरिकी पक्षांनी घेतलेल्या भूमिकांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. रिपब्लिकनांनी युद्ध रेटले आणि डेमोक्रॅटांनी विरोध केला, ही त्यातील मांडणी मला पटली नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाला परवानगी दिली. त्या ७७ जणांत २९ डेमोक्रॅट होते. पुढे ज्यांचे कारण देऊन युद्ध केले ती संहारक शस्त्रे इराकमध्ये सापडली नाहीत, शवपेट्या मात्र येत राहिल्या, तशी अनेकांची भाषा बदलली. मत बदलण्यात गैर काही नाही. पण आपणही होकार दिला होता, हे मतदारांना सांगायला हवे.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त हवालदार भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याला गेले होते. पायात अजून छर्रे आहेत. जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबतात. १९८७ मध्ये कोणाच्या सरकारने पाठवले, १९९० मध्ये कोणाच्या सरकारने परत आणले, यावरचे वाद त्यांनी पुष्कळ ऐकले. तिथे हजारावर भारतीय जवान मारले गेले, त्यांची आठवण त्या वादांत क्वचितच निघते.

युद्धाविषयी नेत्याचे वक्तव्य छापताना त्याचे सभागृहातले मतदानही शेजारी छापावे, ही विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर