मनूस, शनिवारच्या फोनबद्दल

मनू बाळा,

शनिवारी तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. शेजारच्या नानांनी त्यांच्या पोराचं गुगल स्कॉलरचं, म्हणजे कुणाच्या शोधनिबंधांचे किती दाखले दुसऱ्यांनी दिले ते मोजणारं पान मोबाईलवर दाखवलं, सायटेशन म्हणजे असे दाखले १९००, एच इंडेक्स २१, आणि मी तिथंच उभ्या उभ्या तुझं, गणितवालीचं, नाव टाकलं तर ६१ आणि ४. आणि तुला विचारलं काय, तर "एवढंच का गं?" तुझ्या आईनं दोन दिवस चहा दिला पण बोलली नाही.

मग बसलो शोधत, रिटायर माणसाला दुसरं काम काय. हा एच इंडेक्स २००५ साली कॅलिफोर्नियातल्या हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं काढला. तुझे ४ पेपर, म्हणजे शोधनिबंध, असे आहेत की प्रत्येकाचा दाखला निदान ४ ठिकाणी दिलाय, म्हणून तुझा ४, एवढं मला कळलं. पण त्याच माणसानं तेव्हाच लिहून ठेवलंय की बायोलॉजीवाल्यांचे आकडे फिजिक्सवाल्यांपेक्षा मोठे येतात. हे वाचलं आणि मला आपला कारखानाच आठवला.

तुला माहितीये मी ३१ वर्षं हजेरी-पगाराचा हिशोब लिहिला. टॉवेलवाल्यांचा हिशोब डझनावर, जॅकार्ड चादरवाल्यांचा नगावर. एकदा मालकाच्या मुलाला हुक्की आली की सगळ्यांचे नग एकाच फळ्यावर लावा, कोण पहिला कोण शेवटचा ते दिसू दे. खडूनं लिहिलं मीच. चादरवाले सगळे तळाला गेले. त्यातला एक म्हातारा तेलुगूत काहीतरी पुटपुटत आला, माझ्या टेबलावर मोराची चादर पसरली, उलटी केली, परत सुलटी केली, दोन्हीकडं मोर तसाच, फक्त रंग बदललेले, आणि पिसाऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, ह्यात टॉवेल किती बसत्यात ते लिवा की." मी नुसता मान खाली घालून बसलो. फळा आठ दिवसांत निघाला, आणि एवढं होऊनही शनिवारी मी तुझ्यासाठी तोच फळा लावला बघ.

मोजायची सवय काही जात नाही त्यामुळं काल नवी पेठेत जाऊन तुझा एक पेपर आणि नानांच्या पोराचा एक अशी प्रिंट काढली. तुझा २३ पानांचा, एक अक्षर कळलं नाही, पण शेवटची यादी मोजली तर १४ दाखले. त्याचा ९ पानांचा, दाखले ७८, आणि लेखक १७ जण. आता लग्नातला आहेरच बघ ना, ज्या भावकीत १४ च पाकिटं फिरतात तिथं कुणाच्या वाट्याला किती येणार? आणि जिथं ७८ फिरतात तिथं येणारच की. शिवाय पेपरचा दाखला कुणी दिला की तो १७ च्या १७ जणांच्या खात्यात पडतो. हिग्ज बोसॉन नावाच्या फिजिक्समधल्या एका बारीक कणाच्या वजनावरचा २०१५ चा एक पेपर आहे, त्याचे लेखक ५१५४! आपल्या गल्लीत पण एवढी माणसं नाहीत.

आणखी एक गंमत वाचली. जगात सगळ्यात जास्त दाखले मिळालेला पेपर लोरी नावाच्या माणसाचा, १९५१ चा, प्रोटीन मोजायची पद्धत सांगणारा, ३ लाखांच्या वर दाखले, आणि तो स्वतःच म्हणायचा की पेपर काही फार थोर नाही. लोकांना रोज लागतो म्हणून नाव येतं. उलट तुमच्या गणितातला तो यितांग झांग, पीएचडीनंतर नोकरी नाही म्हणून सँडविचच्या दुकानात राबलेला, मोजकेच पेपर, आणि २०१३ ला पन्नाशी उलटल्यावर मूळ संख्यांच्या जोड्यांवर असं काही सिद्ध केलं की सगळे बघतच राहिले. तू झांग हो असं म्हणत नाहीये हां, नाहीतर परत फोन ठेवशील.

तुमच्या कमिटीवाल्यांना आकडा लागतोच हे मला कळतं, मी पण आयुष्यभर आकड्यावरच पगार वाटलाय. पण विचारलंच कुणी तर त्यांना गणितवाल्यांशीच मोजायला सांग, ते पण तुझ्याच वर्षांच्या.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी नानांच्या पोराबरोबर पाठवतोय, तो मंगळवारी पुण्याला येतोय. त्याच्यावर राग काढू नको, पोरगं चांगलंय. आणि गड्ड्याच्या यात्रेला येणार का ते लवकर कळव, जानेवारीत रिझर्वेशन मिळत नाही.

तुझा,
बाबा