मिठू, पाहुणी आणि बाबांचा कान

मेलबर्न,
रविवार दुपार

प्रिय अक्का,

मिठूनं चावलेल्या बाबांच्या कानाचा फोटो बघितला. हळद लावलीस ते ठीक, पण धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते बाळूला विचारायला सांग. परवा फोनवर तू "मिठू पिसाळलाय मेला" म्हणत होतीस आणि मागून बाळू ओरडत होता, "दोघांना एकाच पिंजऱ्यात टाक की! भांडून भांडून होतील गप." तो मला बोलूच देईना, म्हणून हे पत्र. वाचून झालं की कोल्हापूरला काकांनाही फोटो काढून पाठव, पाहुणी त्यांनीच दिली आहे.

एकाच पिंजऱ्यात टाकायचं नाही. आज नाही, सहा महिन्यांनीही नाही. मिठू कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, नव्वदेक ग्रॅमचा. काकांनी दिलेली पाहुणी लव्हबर्ड, त्याहून छोटा पोपट, जेमतेम पन्नासची. त्यामुळे तुम्हाला सगळ्यांना तिचीच कीव येते. पण ही लव्हबर्डची जात भारी भांडखोर. मिठू पंख पसरून फिस्कारतो तो निम्मा देखावा असतो. ती मात्र गुपचूप येऊन पायाचं बोट धरते. गजांतूनही धरते. म्हणून दोन पिंजरे एकमेकांना चिकटवून ठेवू नका.

मी हा शहाणपणा करून बसलेय. गुंडूला सोबत हवी म्हणून मी चिंगीला आणलं, दोघंही कॉकटील, आणि तिसऱ्याच दिवशी आत सोडलं. चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात गुंडूनं तिला पार कोपऱ्यात रेटलं होतं. त्याचा तुरा डोक्याला असा चिकटलेला, जसा तेल लावून भांग पाडलाय, आणि आवाज कुकरची रिंग सैल झाल्यावर वाफ सुटते तसा. घाबरल्यावर तुरा ताठ उभा राहतो, निवांत असला की मागे कललेला असतो, टोक तेवढं वर. पण तुरा सपाट आणि वर फिस्कार म्हणजे हात मागे घ्यायचा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चिंगीच्या नखातून रक्त आलं होतं.

इथल्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भांडणाचं नंतर, आधी दुसरंच विचारलं. नवा पक्षी वेगळ्या खोलीत किती दिवस ठेवला होता? शून्य. अक्का, हे फार महत्त्वाचं आहे. निदान तीस दिवस, पंचेचाळीस झाले तर उत्तम, पाहुणीला माडीवर ठेव. आधी मिठूचं दाणापाणी, मग तिचं, मग साबणानं हात. पोपटाच्या जातीत एक आजार असतो, सिटॅकोसिस. पक्षी वरून ठणठणीत दिसतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो आजार माणसाच्या छातीत जातो. बाबांना आधीच दम्याचा त्रास. पक्षी आजारपण लपवतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी, खाण्याआधी, दोघांचं वजन घेऊन वहीत लिहीत जा. पिसं फुलवून गप्प बसून राहिली किंवा श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलायला लागली तर वाट न बघता डॉक्टरांकडे.

आता बाबांच्या कानाचं. मिठू बाबांवर का चिडला, ती तर समोर पिंजऱ्यात होती, असं तू विचारलंस. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. जिला चावायचंय तिच्यापर्यंत चोच पोचत नाही, मग जवळ असेल त्याला. शिवाय सहा वर्षं बाबांच्या खांद्यावर बसून त्यानं बाबांनाच आपली जोडीदारीण ठरवलंय. हसू नकोस, खरंच. बाबा त्याची पाठ आणि शेपटीखाली कुरवाळतात ना, ते बंद करायला सांग. त्यानं पक्षी माजावर येतो आणि राखण करायला लागतो. डोकं आणि मान एवढंच खाजवायचं. खांदाही काही दिवस बंद, हातावर नाहीतर दांडीवर बसवायचं. आणि त्याला दहा-बारा तास अंधार हवा, तेव्हा बाबांच्या खोलीतली टीव्ही मालिका रात्री अकरापर्यंत पक्ष्याच्या डोक्यावर नको. हे तूच सांग, मी सांगितलं तर रागावतील.

चावला तरी ओरडायचं नाही, चोचीवर टिचकी मारायची नाही. आपण किंचाळलो की त्याला वाटतं, वा, काय मजा. गप्प खाली ठेवायचं आणि पाच मिनिटं पाठ फिरवायची.

मत्सराचा इलाज मात्र आपल्या घरात होऊन गेलाय. आई खानापूरहून बाळंतपण आटोपून बाळूला घेऊन शहापूरच्या घरी आली तेव्हा मी चार वर्षांची होते. दुसऱ्याच दिवशी मी पाळण्यात हात घालून त्याचा पाय ओढला आणि अंगठा चावला. तू ओरडत आईला बोलवायला धावलीस. आईनं मारलं नाही. पण त्यानंतर बाळूला मांडीवर घ्यायच्या आधी ती माझ्या तळहातावर कुंद्याची, आपल्या बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईची, चिमूट ठेवायची. दरवेळी. आठवड्याभरात बाळू रडायला लागला की मी खुश, कारण कुंदा येणार!

तेच करायचं. महिना झाला की पाहुणीचा पिंजरा त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणायचा. ती दिसली की मिठूला सूर्यफुलाचं एक बी, आणि ते बी एरवी कधीच नाही. तो शांतपणे खातोय तोवर रोज वीतभर जवळ. खाणं सोडून तुरा सपाट केला की वीतभर मागे. सकाळी पहिली हाक मिठूला, दाणे आधी मिठूला, पिंजऱ्याबाहेर आधी मिठू. पाहुणीचं सगळं बाळूनं करायचं, बाबांनी नाही. दोघांना बाहेर सोडायचंच असेल तर मिठूच्या पिंजऱ्याजवळ नको, ज्या खोलीवर कुणाचाच हक्क नाही तिथं, दोन वाट्या दोन टोकांना आणि माणूस सतत समोर. आपल्या बेळगावचा सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, तुमचा निदान दिवाळीपर्यंत मिटेल. मैत्री होईलच असं नाही. एकमेकांना सहन केलं तरी पुष्कळ.

काकांना आणखी एक सांग. पाहुणी ठीक, पण गावाकडून हिरवा राघू धरून आणायचं त्यांच्या डोक्यात असेल तर नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचे पोपट पाळायला बंदी आहे. आजीच्या परसात पिंजरा टांगलेला असायचा तो आपल्याला कुणी विचारलं नाही, एवढंच.

इथं संध्याकाळी रस्त्याकडेच्या निलगिरींवर रंगीबेरंगी लोरिकीट पोपट जमतात आणि असा कालवा करतात की गणपत गल्लीतला बाजाराचा शनिवार आठवतो. दुकानात पक्ष्यांसाठी राळ्याची कणसं प्लास्टिकमध्ये घालून मिळतात. राळं म्हणजे आपलंच नवणे! किंमत बघून मी हळहळले. काल गुंडू एका टोकानं आणि चिंगी दुसऱ्या टोकानं एकच कणीस कुरतडत होती. मध्ये चार बोटं अंतर उरल्यावर गुंडू थांबला, तिच्याकडे बघितलं आणि उरलेलं तोंडात धरून निघून गेला. चिंगीला आणून आठ महिने झालेत.

बाबांना नमस्कार. वजनाची वही आजपासूनच सुरू कर.

तुझी,
छोटी

ता. क. कुंदा माणसांसाठी. मिठूला द्यायचा नाही. बाबा देतील म्हणून लिहिलं.