कपाटातला कागद काढ

ती. आई-बाबांना,
सा. न.

गेल्या शनिवारी म्हैसूरला जाऊन आलो. जगनमोहन पॅलेसमध्ये ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र पाहिलं. आई, तुझं कॅलेंडरवरचं आवडतं. शेजारचे एक काका बायकोला 'रविवर्म्याचं' म्हणून सांगत होते, मला राहवलं नाही. म्हटलं, काका, हे आमच्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं. आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता, पुढे उपळेकर होऊन कोल्हापुरात राहिल्या, २०१८ मध्ये गेल्या तेव्हा १०२ वर्षांच्या होत्या. काका जरा नाराजच झाले.

सांगायचं वेगळंच आहे. ते चित्र जलरंगातलं आहे हे माहीत असूनही समोर उभं राहिल्यावर खरं वाटत नाही. ज्योतीपुढे धरलेली बोटं आतून तांबूस उजळली आहेत, चेहऱ्यावर उजेड आहे आणि मागे एवढा अंधार. आता घरी येऊन बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले तुझी रंकाळा तलावाची चित्रं पुन्हा पाहिली. संध्यामठ, शालिनी पॅलेस, कडेची झाडं, सगळं जागच्या जागी आहे. ड्रॉइंगबद्दल मी काय बोलणार, पोस्टाच्या काउंटरवर बसून रद्द फॉर्मच्या पाठीवर पेन्शनर आजोबांचे चेहरे काढायचीस, ते मी दप्तरातून शाळेत नेऊन मिरवलेत. पण आई, तू गडद रंग टाकतच नाहीस. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला हात, छान पडतो आणि तिथेच थांबतेस. वाळला की आणखी फिका. मग चित्र धुक्यातलं दिसतं, भर मे महिन्यातलं असलं तरी.

मला आधी वाटायचं, इतक्या वर्षांनी ब्रश धरला म्हणून बिचकतेस. इथे रविवारच्या क्लासला जायला लागल्यापासून कळलं की दोष त्या कागदाचा आहे. तू स्टेशनरीच्या दुकानातल्या पातळ ड्रॉइंग पेपरवर काढतेस. त्यावर पाणी पडलं की तो फुगतो, खड्ड्यात रंग साचतो, दुसरा हात फिरवला की खालचा रंग उठून चिखल होतो. दोन-चारदा असं झालं की कुणीही दुसरा हात द्यायचं सोडून देईल. सुती कागद, ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, पाणी धरून ठेवतो, खालचा थर वाळला की वरून निवांत दुसरा-तिसरा देता येतो. असाच कागद मी दिवाळीला आणला होता. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. साड्यांच्या खाली, प्लास्टिकसकट, 'चांगल्या चित्रासाठी'. आपला तो निळ्या फुलांचा डिनर सेट असाच व्याह्यांसाठी ठेवला होता, आणि व्याही येऊन स्टीलच्या ताटात जेवून गेले.

तेव्हा तो कागद काढ. एका शीटचे आठ तुकडे कर, दोन्ही बाजूंनी वापर. बिघडू देत. संपला की पाठवते.

दुसरं डोळ्याचं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तू फोनवर म्हणालीस, 'अगं, आकाश एवढं निळं असतं होय!' मोतीबिंदूत भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग आधी अडतो, म्हणून तुझी आधीची आकाशं तशी मळकट आलीत. फ्रान्सचा चित्रकार मोने, त्याचंही तेच झालं होतं. त्याची मोतीबिंदूच्या काळातली चित्रं बघ, तांबूस-तपकिरी. १९२३ मध्ये त्याने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, ऐंशी ओलांडल्यावर. दुसऱ्या डोळ्याला मात्र शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. तू त्याचं तेवढं सोडून बाकीचं घे. 'पावसाळा होऊ दे, गणपती होऊ देत' हे पुरे आता. एका डोळ्याने निळं आणि एकाने पिवळं बघून रंग कसे जुळवणार?

बाबा, तुम्ही सकाळी स्टूल, पाण्याची बाटली, चहाचा थर्मास घेऊन तिच्याबरोबर जाता, त्याचं मला फार कौतुक वाटतं. पण 'झाडं जरा हिरवी कर की' असं मागून सांगू नका. आणि लोक जमले की 'रिटायर झाल्यात, टाइमपास करतात' असं म्हणता म्हणे. ते नको. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड घेतलेली मुलगी आहे ती. पुढे शिकली नाही कारण घरात पगार हवा होता. कुणी विचारलं तर सरळ सांगा, चित्रं काढते.

टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. एकदा दोघं जाऊन निवांत बघून या. आई, तिथे फक्त गडद भाग बघ. उजेड कुठे आहे ते आपोआप दिसेल.

मी रंगाच्या दोन ट्यूब पाठवते आहे, एक पेन्स ग्रे (निळसर करडा) आणि एक बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). काळी ट्यूब मुद्दाम पाठवत नाही, तुझ्याकडे आहे ती पोस्टर कलरची, तीही वापरू नकोस. निळा आणि तपकिरी मिसळून जो काळा होतो तो जास्त जिवंत असतो.

डॉक्टरांची तारीख मिळाली की बाबा, तुम्हीच कळवा. आई कळवणार नाही. मी चार दिवस रजा टाकून येते.

तुमची
धाकटी